लूपेचा आवाज आणि सगळ्यांची जागा

सोमवार, ३ जून

सगळ्यांत आधी कोण टपकलं? लगी! पाहुणे राजधानीतून, आपियाहून यायचे होते, त्यांची बोट अजून धक्क्याला लागायची होती, आणि ही माझी नणंद नवी टोपी घालून महिला मंडळाच्या घरात हजर. म्हटलं, "अगं, कॉम्प्युटर बघायला येतायत, तुला नाही." म्हणते, "तुम्हाला कोणी बघत नाही म्हणून जळता, वहिनी!"

मग ते दोघं आले. तिरेसा बारकीशी, शांत. फिलिपो घाईचा. आमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स का काय ते आहे. मला एवढंच कळतं — गावच्या म्हाताऱ्या चटई कशी विणायची ते त्यात सांगून ठेवतात. आणि आता कॉम्प्युटर म्हणतो, जागा संपली! धड काही उघडतच नाही.

त्यात माझ्या लूपेचा आवाज आहे. थोरली बहीण माझी. गेल्या पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. तिची चटई अडून पडलीय. शेवटची कड कशी वळवायची ते तिलाच ठाऊक, आणि ते तिने फक्त त्या कॉम्प्युटरला सांगितलंय.

फिलिपो आल्या आल्या म्हणाला, "बंद करून चालू करू. तात्पुरत्या फायलींचा कचरा आपोआप जातो." त्याचं बोट बटणावर! सूर्याच्या बॅटरीवर चालतो तो, लगी कुणाला बंद करू देत नाही. म्हटलं, "बाळा, आधी जेवण." पाहुणा उपाशी कामाला लागला तर गावात तोंड कुठे दाखवू? भाजलेला नीरफणस, मासे, अळूच्या पानातलं नारळाचं दूध, वर कोको. लगी वाढतच राहिली. तो आडवाच झाला!

वादळानंतर आवरताना आम्ही प्रत्येक गाठोडं सोडून बघतो, मगच टाकतो. इथेही तसंच करायचं. मी सांगून टाकलं.

मंगळवार, ४ जून

तिरेसाने आधी नुसतं बघितलं. तात्पुरत्या फायलींच्या जागेत काय आहे, कुणाचं, किती जुनं. एकदम थांबली. "आजी, बायकांचे आवाज इथे कुणी ठेवले?"

लगी ताठ बसून म्हणाली, "मी. दुसरीकडे ठेवायला गेलं की तो विचारतो कोण तुम्ही. गावाची वस्तू माझ्या नावाच्या खोलीत घालू? चोरटी म्हणतील! इथे सगळ्यांना ठेवता येतं."

बरोबरच केलं की! मंडळाच्या घरात चटया ठेवतो तस्सं. तिरेसा हसली. म्हणाली, ह्या जागेचा नियमही तोच — कोणीही ठेवावं, पण ज्याचं त्यानेच उचलावं. "फक्त आजी, कॉम्प्युटर बंद करून चालू केला की इथलं सगळं झाडून निघतं."

फिलिपोचा चेहरा नारळाच्या दुधासारखा! "म्हणजे काल मी—"

"काल तू जेवलास," म्हटलं. "बास."

लूपेचं सापडलं!! तिरेसाने कायमच्या जागेत एक नक्कल केली, बाहेरच्या डिस्कवर दुसरी. दोन्ही शेवटपर्यंत ऐकल्या, मगच इथली लगीकडून पुसून घेतली. लूपे बोलत होती — भरभर, सगळ्यांना दटावत. मी लगीच्या नव्या टोपीत तोंड खुपसून रडले. टोपीचं वाटोळं झालं.

बुधवार, ५ जून

एक फाइल राक्षसासारखी मोठी. फिलिपो पुसायला निघाला, तिरेसाने हात धरला. म्हणाली, एक प्रोग्रॅम अजून तिला धरून बसलाय. आत्ता पुसली तर नाव जाईल, जागा सुटणार नाही.

म्हणजे चटईवर माणूस बसलंय आणि आपण चटई ओढतोय! आधी उठवा त्याला. उठवलं. ऐकतो तर काय — कुणीतरी आवाज भरायचं चालूच ठेवलेलं. कोंबड्या, पाऊस, आणि लगीचं घोरणं!

"टाका ते!" लगी ओरडली.

"राहू दे, लोकांच्या उपयोगी पडेल," मी म्हटलं.

टाकलं शेवटी. मग बाकीच्या — जुन्या, कुणी न धरलेल्या, एकेक वाचून. केवढी जागा झाली! फिलिपोने सगळ्यांना ठेवता येईल अशी एक कायमची जागा करून दिली. नाव ठेवलं 'गाव'. जाताना दोघांच्या हातात भाजलेले अळूचे कंद कोंबले.

गुरुवार, ६ जून

पाऊस. लगी माझ्याशी बोलत नाही. घोरण्यावरून.

शुक्रवार, ७ जून

कॉम्प्युटर छत्रीखाली धरून लूपेकडे नेला. लगीच मदतीला आली, बोलत नसली तरी! लूपेला उशीला टेकवून बसवलं, तिच्या नातीने चटई मांडीवर घेतली, मी आवाज लावला. लूपे छताकडे बघत राहिली. काही नाही. नात कडेपाशी आली नि घोटाळली. केवड्याची पाती बसेचनात, वर उचलली जायची.

काही हरकत नाही. उद्या परत लावणार. परवा चर्चमधून आल्यावर परत. चटई पुरी होईपर्यंत लावणार.

शनिवार, ८ जून

परत लावलं. यंत्रातली लूपे म्हणाली, "कड डावीकडून वळवायची."

"उजवीकडून!" — उशीवरची लूपे म्हणाली. "कुणी शिकवलं हिला?"

तिरेसाला फोन केला. मंगळवारच्या बोटीने येतायत दोघं, नवा आवाज भरायला.