क्वेनपुढे पुन्हा मांडलेलं ताट

चि. थिन यास ह्वेताईचा आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? तुझ्या बायकोचा, मान वहिनीचा, खोकला थांबला असेल तर आल्याचा काढा बंद कर म्हणावं, आणि थांबला नसेल तर दुप्पट कर. तिच्या आईला नव्या कवळीने चावता येतं ना? तुझा कोंबडा अजून भाडेकरूंच्या अंगावर धावतो का? (धावत असेल तर त्याची तब्येत उत्तम.) इथे त्रा विन्हला मी आणि तुझी लेक दोघी ठणठणीत आहोत.

आता लेकीचंच. "नव्या वर्षाच्या सणाआधी पुढे काय करणार ते ठरव, नाहीतर कॉलेज बंद आणि सायगॉनला माझ्या प्लॉटच्या कचेरीत येऊन बस," असं तू क्वेनला फोनवर दरडावलंस, तेव्हाच मी कंबर कसली. पोरीच्या पोटापाण्याचं नक्की केल्याशिवाय गप्प बसायचं नाही! आधी तिला ओळखीच्या औषधाच्या दुकानात उभी केली. तिथे ती गिऱ्हाइकांना सांगायला लागली, "काका, गोळी राहू द्या, झोप काढा." मालकीणबाई मला म्हणाल्या, "भाची फार गुणी आहे हो. घरी घेऊन जा." मग तुझ्याच माणसाबरोबर जागा दाखवायला धाडली, तर तिने गिऱ्हाइकासमोर चिखल चिमटीत धरला आणि म्हणाली, "साहेब, भरतीला इथे पाणी चढतं." (गिऱ्हाईक अजून पळतंय म्हणे. हे तुला कुणी सांगितलं नसेल, तर मीही सांगितलेलं नाही.)

शेवटी म्हटलं, वर्षाच्या लेकरापुढे वस्तूंचं ताट मांडून, ते काय उचलतं त्यावरून पुढे काय होणार ते बघतो ना आपण, मग विसाव्या वर्षी पुन्हा मांडू. पहिल्या वेळी पेन, कात्री, कंगवा, आरसा सगळं सोडून हिने मातीचं ढेकूळ उचललं आणि थेट तोंडात घातलं. तू गावभर सांगत सुटलास, "माती म्हणजे जमीन! पोरगी जमिनीचे व्यवहार करणार!" (ढेकूळ तोंडातून काढलं मी, आणि चावली तीही मलाच.) या वेळी मी ढेकूळ ठेवलंच नाही. तुझ्या मनासारखं व्हावं म्हणून किल्ल्यांचा जुडगा अगदी पुढ्यात ठेवला. शेजारची लियू चिकट भात खायला आली होती. तिच्याशी माझा अबोला, कारण माझी दारातली मिरची तिचीच दृष्ट लागून वाळत चालली होती.

"आत्या, मला आता दात आलेत," क्वेन म्हणाली.

"जीभही आलीय, दिसतंय. बस खाली."

बसली. ताटाकडे पाहिलं. मग उठून सरळ मिरचीच्या कुंडीपाशी गेली, बोटाने माती उकरली आणि जिभेवर ठेवली. लियू अबोला विसरून किंचाळली, "अगं ह्वे, हिने पुन्हा खाल्ली!"

"खारट आहे," क्वेन म्हणाली. "कालव्यात समुद्राचं पाणी शिरलंय आणि तू तेच रोज घालतेस. दृष्ट कसली, आत्या, तूच मारतेयस झाडाला." मग हळूच म्हणाली, "मला हेच शिकायचंय, खाऱ्या मातीत काय जगतं ते. कॉलेजात तो विभाग आहे. पण बाबा फोनवर आधी ओरडतात, आणि ऐकायची वेळ आली की फोन ठेवतात."

थिन, पत्र ठेवून देता येतं, पण ते वाचूनच. पोरगी मातीच शिकणार. तू नाही म्हणालास तर तुझ्या कचेरीच्या दारात येऊन मुक्काम ठोकीन. कोंबड्याला मी भीत नाही.

तुझी,
ह्वेताई

ता. क. इथला नदीकाठचा तुझा तो प्लॉट, जो इतकी वर्षं कुणी फुकटही घेत नाही, तो तिला प्रयोगाला दे.

पुन्हा ता. क. दे म्हणते ते आपलं रीत म्हणून. खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या भाताची रोपं तिथे परवाच लावून झाली, लियूनेही हात लावला. (गोड्या पाण्याने मिरची जगली, अबोला मेला.) तेव्हा उत्तर लवकर लिही. लोंब्या यायच्या आत आलं तर बरं, म्हणजे तुझी परवानगी घेऊनच लावलं असं लोकांना सांगता येईल.