तीळ तेवढा माझा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा चित्रकार, पूर्ण शुद्धीत असून व कोणाच्याही दडपणाखाली नसून (पत्नी शेजारच्या खोलीत आहे, पण ते दडपण नेहमीचंच), हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो :

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक पत्नीला. त्याचं काय करावं हे तिला सांगायची हिंमत जिवंतपणी झाली नाही, आता काय होणार!

२. ब्रश व ईझल फ्रेमवाल्याला. माझी चित्रं त्याने जन्मभर तिरकी लावली, आता स्वतःची लावावीत.

३. स्टुडिओतला आरसा समीक्षक महाशयांना. माझ्या बक्षीस मिळालेल्या आत्मचित्राबद्दल त्यांनी छापलं होतं, "चित्रकाराचा सोशिक, निर्मळ स्वभाव डोळ्यांतून पाझरतो." ते वाचून पत्नी इतकी हसली की तिला उचकी लागली.

४. ते चित्र धाकट्या भावाला, कारण ते त्याचंच आहे. आरशात बघून मी चारदा प्रयत्न केला. चारही वेळा चिडका, हावरट म्हातारा उतरला. तेवढ्यात धाकटा माझी पँट आखूड करून घेऊन आला. टेलर आहे तो. नाक-कान घराण्याचे, म्हणजे माझेच. "बस जरा," म्हटलं. बिचारा तीन दुपारी दुकान बंद ठेवून बसला. डोळे त्याचे, हसू त्याचं, तीळ तेवढा मी माझा चिकटवला. आरशात बघून काढलं असतं तर तो उजव्या गालावर आला असता. चित्रात तो माझ्यासारखा डाव्याच गालावर आहे. एकट्या न्हाव्याच्या लक्षात आलं, बाकी सगळे आत्मा बघत होते.

सत्काराला धाकटा हळूच म्हणाला, "दादा, माझं नाव घेशील ना?" मी म्हणालो, "तुझं काय त्यात? नुसता बसला तर होतास." अकरा वर्षं झाली, तो घरी आलेला नाही. चूक माझी. मला लाज वाटते.

तीळ वार्निशच्या वर आहे, टर्पेंटाइनच्या बोळ्याने निघेल. सही राहू द्यावी. रंगवलं मीच, आणि झकास रंगवलंय.

५. खरं आत्मचित्र मागच्या महिन्यात काढलं. ओठ वाकडा, नजर संशयी. ते पत्नीला. बघून म्हणाली, "अगदी तुम्ही! चला, मागे भांडायला कोणीतरी राहील."

६. कलम चार माझ्या मरणापर्यंत थांबणार नाही. सोशिक धाकटा आहे, मी नव्हे. चित्र बांधून आजच निघतो, सह्या तिथेच होतील. दार उघडलं नाही तर पायरीवर.

सही : (केली)
साक्षीदार : १. न्हावी २. वकील
ठिकाण : धाकट्याचं दुकान, आत, शिलाई मशीनशेजारी
तारीख : ९ मार्च

ता. क. साक्षीदार म्हणून धाकटाही सही करणार होता. ज्याला मिळतं त्याची साक्ष चालत नाही, असं वकील म्हणाले. पंख्याने कागद उडत होता, म्हणून मग त्याने तो धरला.