पूर्ण समजलं

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा ठकीला घेऊन दवाखान्यात आलीस आणि आयती माझ्या पाहणीच्या तावडीत सापडलीस! काम तसं सोपं आहे. तपासणीच्या खोलीतून आईबाप बाहेर पडले की त्यांना गाठायचं, डॉक्टरांचं सांगणं समजलं का विचारायचं आणि कागदावर खूण करायची. डॉक्टरांचा कागद वेगळा. आपण काय सांगितलं ते त्यावर ते लिहितात. दोनशे कागद झाले, एकजात सगळ्यांना ‘पूर्ण समजलं’. साहेब खूश आहेत.

तू तर माझा प्रश्न संपायच्या आत मान हलवलीस, शाळेत पाढे येत नसताना हलवायचीस तशी. मीही खूण करून मोकळी झाले. ठकीचा ताप उतरला का? लगेच कळव.

तुझी लाडकी (असं मीच म्हणते),
धाकटी

७ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ताप तिसऱ्या दिवशीच उतरला, म्हणून औषध थांबवलं. उगाच पोरीच्या पोटात कडू कशाला? उरलेली बाटली पुढच्या वेळेला ठेवली आहे. कालपासून किरकिर नाही, नुसती झोपते. दुधालाही उठत नाही. मलाही जरा पाठ टेकता आली.

पाढ्यांची आठवण काढलीस म्हणून सांगते. डॉक्टर भराभर बोलत होते, दाराबाहेर रांग, त्यात ठकीचं रडणं. निम्मं डोक्यावरून गेलं. पण तुझे साहेब शेजारी उभे असताना तसं कसं म्हणू? त्यांना वाटलं असतं, हिची बहीण अगदीच ढ दिसते. जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई

९ जून, सकाळी

ताई, नमस्कार राहू दे. आधी ठकीला उचल आणि नीघ.

तुझं पत्र वाचून डॉक्टरांचा कागद काढला. त्यावर लिहिलंय, औषध सात दिवस द्या, ताप उतरला तरी. मूल सुस्त झालं, दूध सोडलं, तर त्याच दिवशी आणा. तुझा आणि त्यांचा कागद मीच टाचणीने एकत्र लावला होता, वाचला मात्र नाही. तुमच्या शेजाऱ्यांचा फोन लागत नाही, म्हणून तुमच्याकडे येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती ही चिठ्ठी देते आहे. मी दवाखान्याच्या दारातच थांबते.

धाकटी

२२ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवसानंतरची तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तिन्हींत तू स्वतःलाच बोल लावला आहेस. खूण तुझी होती, पण मान माझी होती. औषधाची बाटली अजून फळीवर आहे. ह्यांनी फेकायला घेतली तर मी अंगावर धावून गेले.

साहेबांनी आमचा कागद ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला काढला, असं लिहिलंस. तो परत गठ्ठ्यात घाल. आणि यापुढे कुणाला समजलं का असं विचारू नकोस. काय समजलं ते सांगा, असं विचार. उत्तर येईपर्यंत थांब.

एक तुला सांगायचं राहिलं. त्या दिवशी तू बाहेर बाकावर होतीस. आत डॉक्टर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले, या वेळी अगदी सावकाश बोलले. ठकी गेली म्हणाले. मग हळूच विचारलं, समजलं ना, म्हणून. मी मान हलवली. धाकटे, मला अजून समजलेलं नाही.

माया होती तशीच ठेव.

तुझी,
ताई