चुका घालायची नोकरी

तीर्थरूप आत्यास,

भाचीचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले. माझ्या कमरेची कथा तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा मी सरळ होईपर्यंत तुम्ही पुढचं वाचत राहिलात तरी चालेल.) इकडे सगळे ठीक. तुमचे जावई दिवसभर लोकांचे दात उपटतात आणि घरी येऊन माझं डोकं खातात, म्हणजे प्रकृती उत्तम आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला समोरच्या गच्चीवरच्या दोरीचे चिमटेसुद्धा मोजता येतात असं आई सांगत होती. ऑपरेशन इतकं छान झालं हे ऐकून आनंद झाला. इतकं छान व्हायला नको होतं, असंही एकदा मनात येऊन गेलं. का ते कळेलच. रागवायचं असेल तर पत्र संपल्यावर रागवा, म्हणजे एकाच हप्त्यात होईल.

आत्या, माझी नोकरी जायच्या बेतात आहे. शनिवारपर्यंत काही हललं नाही तर माझं टेबल उचलून त्या जागी कॉफीचं यंत्र ठेवणार आहेत. (यंत्र येऊन पोचलंसुद्धा. जिन्याखाली खोक्यात उभं आहे आणि येताजाता माझ्याकडे सवतीसारखं बघतं.)

तुम्हाला वाटतं की मी अजून तळमजल्यावर बसून साप्ताहिकाची प्रुफं तपासते. तसं तुम्हाला वाटू दिलं ते मीच. साप्ताहिक गेल्या हिवाळ्यातच बंद पडलं आणि मालकांनी मला उचलून तिसऱ्या मजल्यावर ठेवलं. तिथे त्यांचं दुसरं दुकान आहे: ऑनलाइन बातम्यांचं, वेगळ्या नावाचं. त्या मजल्यावर कागद नाही. पहिल्या दिवशी मी सवयीने पर्समधून लाल पेन्सिल काढून टेबलावर ठेवली, तर शेजारची मुलगी कौतुकाने म्हणाली, "काकू, ही ओठांची का?" मी हो म्हटलं. उगाच कशाला पहिल्याच दिवशी वाईटपणा.

आमचे साहेब वयाने माझ्या धाकट्या दिराएवढे आहेत आणि बारा महिने पळायला निघाल्यासारखे बूट घालतात. त्यांना मजल्यावर सगळे आकडेसाहेब म्हणतात, कारण भिंतीवर एक भलामोठा पडदा आहे आणि त्यावर कुठली बातमी किती लोक वाचताहेत, खाली किती जणांनी मत दिलं, याचे आकडे हलत असतात. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे साहेब त्या पडद्यासमोर बसतात. आकडा चढला की त्यांना रंग चढतो, उतरला की ते पाणीसुद्धा घोटभरच पितात.

तर एका सोमवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना काचेच्या खोलीत गोळा केलं आणि जाहीर केलं की आजपासून आपलं लेखन सोपं. इ एकच, उ एकच, दोन्ही ऱ्हस्व. दीर्घांना निवृत्ती. न आणि ण यांचं भांडण आता पुरे, न जिंकला. पोटफोड्या ष याला नारळ. कुणाचं काही अडतं का, असं त्यांनी विचारलं. कुणाचंच अडत नव्हतं. मी हात वर केला. त्यांना वाटलं मला पाणी हवंय; त्यांनी बाटली पुढे सरकवली. आयुष्यभर मी ज्या अक्षरांची राखण केली त्यांची अशी एका दमात वासलात लागताना मी बाटलीचं झाकण उघडत होते! शेवटी तोंड उघडलं आणि म्हटलं, साहेब, लोक काय म्हणतील? तर म्हणाले, "बाई, लोक असंच लिहितात की."

आणि आत्या, ते खोटं नव्हतं हो. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर निरोप येतो, "ऊद्या पानी येनार नाही." शुद्ध लिहिलं म्हणून ते येणार असतं थोडंच? तुमच्या जावयांच्या दवाखान्यातली स्वागतिका पेशंटना कळवते, "दाड कीडली आहे, काडावि लागेल." मी वाचून हादरते, पेशंट वाचून वेळेवर हजर होतो, आणि दाढ निघते ती पूर्ण दीर्घ वेदना देऊन. परवा एका मैत्रिणीचे सासरे गेले, तर ग्रुपवर तिच्या निरोपाखाली सत्तरेक लोकांनी "भावपुर्न" श्रद्धांजली वाहिली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कशामुळे आलं ते मैत्रिणीला सांगितलं नाही.

पण खरा धक्का पुढेच होता. सोपं लेखन सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी पडद्यावरचा आकडा असा उसळला की साहेब उभे राहिले. वाचक तुटून पडले होते. कुणी धमक्या दिल्या, कुणी राजीनामे मागितले, एकाने रागाच्या भरात अख्खी बाराखडी लिहून पाठवली. (एक जण तळमळून म्हणत होता, "भाशेचा खुन थांबवा." मी त्याच्या बाजूची होते, तरी मान खाली गेली.) साहेब हरखले. मात्र शुक्रवारपर्यंत सगळं थंड. माणूस कशालाही सरावतो, वरच्या मजल्यावर चाललेल्या फरशीच्या कामालासुद्धा. आकडा उतरला आणि साहेबांनी मला एकटीला बोलावलं. म्हणाले, सोपं लेखन रद्द, पुन्हा सगळं शुद्ध. मी तोंडभरून आशीर्वाद देणार, एवढ्यात म्हणाले, "फक्त प्रत्येक बातमीत एक चूक हवी. एकच. पण अशी, की शिकल्यासवरल्या माणसाला ती दुरुस्त केल्याशिवाय घास उतरू नये. आणि ती तुम्ही घालायची."

मी मटकन खुर्चीत बसले. खुर्चीला चाकं होती, त्यामुळे बसले इथे आणि थांबले भिंतीपाशी. तिथूनच विचारलं, मीच का? मजल्यावर चुका करणाऱ्यांचा काय दुष्काळ आहे? तर म्हणाले, "त्यांना चुका येतात हो, पण कुठे केली ते त्यांना सांगता येत नाही."

काय करणार, आत्या? या वयात नवीन नोकरी कोण देतं? जे ढेकूण जन्मभर शोधून चिरडले तेच आता वेचून दुसऱ्यांच्या गाद्यांत सोडायचे. पहिल्या दिवशी हात उठेना. एक साधा रफार उडवायचा होता, तर मी तीनदा हात धुऊन आले. पण कामाला लागल्यावर कळलं की चूक करायलाही अक्कल लागते. मथळ्यात घातली तर ती गावठी दिसते. पहिल्या परिच्छेदात वाचक सावध असतो. तिसऱ्यात तो जरा सैलावतो, टेकून बसतो. तिथे ठेवायची, झाडून पुसून लख्ख केलेल्या खोलीत एकच केस पडलेला असावा तशी. खेळाच्या बातमीत चूक फुकट जाते, सगळे निकाल बघून पळतात. आरोग्याच्या बातमीत मात्र तिचं चीज होतं. तिथे निवृत्त मंडळी फुरसतीने येतात. निधनवार्तेत घालणार नाही असं मी ठणकावून सांगितलं. (साहेबांनी ते लगेच मान्य केलं. मला वाटलं माणुसकी. ते म्हणाले, दुःखात कुणी दुरुस्त्या करत नाही.) आणि लाज वाटते सांगायला, पण कामात मी वाकबगार निघाले. महिन्याभरात साहेब मला "आमच्या चूक-बाई" म्हणून पाहुण्यांना दाखवू लागले.

या सगळ्या डोलाऱ्याचा खांब एकच होता. "लालशाई" असं टोपणनाव घेतलेला कुणी एक वाचक. सकाळचा चहा व्हायच्या आत लालशाईने प्रत्येक बातमीतली चूक हुडकलेली असायची. माझी घातलेली तर सापडायचीच, पण माझ्या नजरेतून निसटलेलीही सापडायची. (त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.) लालशाई आली की तिच्यामागे निम्मं गाव हजर: अर्धे वाहवा करायला, अर्धे भांडायला. भांडणाऱ्यांचा म्होरक्या "सोपा माणूस" नावाचा एक अगोचर इसम. भाषा म्हणजे चप्पल, पाय आत गेला की झालं, असलं त्याचं तत्त्वज्ञान. रोज सकाळी लालशाई त्याला सोलायची आणि दुपारपर्यंत तो पुन्हा साल चढवून हजर. आकडा डोलत वर जायचा. साहेबांच्या मते लालशाई म्हणजे दाढीवाला, अविवाहित, चाळिशीचा प्राध्यापक.

आणि मग ती गुडघेदुखीची बातमी आली. तिसऱ्या परिच्छेदात मी एक घातली होती; माझ्या मते आजवरची सर्वांत सुबक. लालशाईने लिहिलं: "अहो शहाणे, असा टंकलेला कागद मी कोर्टात पुढे केला असता तर न्यायाधीशांनी आरोपीला सोडून मला पिंजऱ्यात उभं केलं असतं. माझी भाची याच व्यवसायात आहे. तिच्या हातून असं झालं असतं तर त्या दिवशी ती जेवली नसती."

आत्या, मी डबा खात होते. घास तोंडात तसाच राहिला, ना आत ना बाहेर. तुम्ही निवृत्तीपर्यंत केलेलं कोर्टातलं टंकलेखन, गुडघा, भाची आणि ते "अहो शहाणे"! असं जगात दुसरं कोण म्हणतं? पडद्यावर आकडा चढत होता, साहेब टाळ्या वाजवत होते आणि मी डब्याचं झाकण धरून बसले होते. त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन करून सगळं सांगायचं ठरवलं. फोन केलाही. तुम्ही विचारलंत, "काम कसं चाललंय?" मी म्हटलं, "बारकाईचं आहे." तुम्ही म्हणालात, "शाबास." मी गुडघ्याची चौकशी करून फोन ठेवला.

त्यानंतर मी तुमच्यासाठीच चुका बेतू लागले, हे मात्र कबूल करते. ढोबळ काही तुमच्या पुढ्यात ठेवायचं मनाला पटेना.

पण गेल्या आठवड्यात त्या सोप्या माणसाने मर्यादा सोडली. "आजीबाई," तो म्हणाला, "भाषा तुमच्या एकटीची नाही. गोळी घ्या आणि पडा जरा." तुम्ही उत्तर दिलंत, "पडते. तुमच्या पानावर मात्र पुन्हा पाय ठेवत नाही," आणि गेलात. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावर अवकळा आहे. चुका घालते, त्या तशाच पडून राहतात; कुणी हात लावत नाही. तो सोपा माणूस एकटाच आखाड्यात उभा राहिलेल्या पैलवानासारखा "लालशाई, कुठे आहात?" करत फिरतोय. साहेब घोटभर पाण्यावर आहेत. काल म्हणाले, "बाई, लालशाई शनिवारपर्यंत परत आली नाही तर तुमची चूक घेऊन मी करू काय?" आणि जिन्याखालच्या खोक्याची पावती मागवली.

हे तुम्हाला सांगितलं ते केवळ मन मोकळं करायला. माझं काही मागणं नाही. तुमचा निर्णय योग्यच होता. स्वाभिमानी माणसाने असंच करावं आणि कुणी कितीही गळ घातली तरी मागे फिरू नये. फसवलं म्हणून रागावलात तर तेही मला मान्य आहे. माझं काय, होईल काहीतरी. आपल्याकडच्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तुमच्याकडे तुम्ही एकट्याच, तेव्हा दोन्ही तुम्हीच ठेवून घ्या.

तुमची,
भाची

ता. क. शुक्रवारी सकाळी परत याल का? डोळ्यांच्या निगेवर एक बातमी येतेय. तिसऱ्या परिच्छेदात तुमच्यासाठी एक ठेवली आहे, अगदी कोवळी. लगेच उचलू नका. आधी दोघा-चौघांना चुकीची दुरुस्ती करू द्या आणि मग या. आणि तुम्ही माझ्या आत्या आहात हे तिथे कळू देऊ नका. साहेब अजून दाढीच शोधताहेत; ते आकडे तेवढे वाचतात, प्रतिक्रिया नाहीत.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. आज दुपारी जावयांचा विसरलेला डबा द्यायला दवाखान्यात गेले. खुर्चीत पेशंट आ वासून पडलेला, आणि हे त्याच्याकडे पाठ करून मोबाइलवर टाइप करताहेत, "लालशाई, माफ करा, परत या." तो सोपा माणूस म्हणजे हेच! म्हणे, "तुझ्याच नोकरीसाठी भांडत होतो ग. लालशाई एकटी किती वेळ भांडणार, समोर कुणीतरी नको का?" मी लालशाई कोण ते सांगितलं. ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी स्वतःच आ वासला. (पेशंट तोंडातल्या कापसासकट हसला. त्याची दाढ अजून निघायची आहे.) रविवारी पाया पडायला येताहेत. घरी हवी तर माफी द्या, पण बातमीखाली मुळीच देऊ नका. तिथे उभेआडवे सोला. घरचाच माणूस आहे, संकोच नको.

ता. क. ३. तुम्ही भाचीबद्दल लिहिलेलं ते वाक्य काढून टाकावंसं वाटलं तर काढू नका. रोज सकाळी मी आधी ते वाचते आणि मग कामाला बसते. आणि आत्या, त्या दिवशी मी खरंच जेवले नाही.