अक्कांची ओटी

२ जून
पहिला दिवस. इंदिरानगरचं केंद्र. विस्मरण झालेली म्हातारी माणसं, सकाळी सोडायची, संध्याकाळी न्यायची. माझं काम? चहा देणे, चपला शोधणे. मानसशास्त्र शून्य. बाबा म्हणाले होते, डिग्रीआधी माणसं बघ. बघतेय. पाय दुखतायत.

५ जून
माझ्या वाट्याला सरोजाक्का. इथल्याच चिकपेट भागातल्या जुन्या मराठी घरातल्या. कन्नड विसरत चालल्यात, घरची मराठी तेवढी उरलीय, म्हणून मी. संध्याकाळी मुलगा न्यायला आला की दार धरून बसतात. "आईनं ओटी भरली न्हाई. तशी कशी जाऊ?" केंद्र म्हणजे त्यांचं माहेर. रोज रडारड. आमच्या प्रमुख गीता मॅडम नुसत्या शेजारी बसून राहतात. मला नाही बघवत. काहीतरी करायला नको?

९ जून
केलं! स्वयंपाकघरातून तांदूळ, नारळ आणले. अक्कांचं कपाळ मोकळं, पण विधवांची ओटी भरत नाहीत वगैरे मी मानत नाही. कुंकू लावलं, पदरात घातलं. हसल्या. "सरी, बरं, येते गं." थेट गाडीत. बेळगावला मावशीला फोन करून सांगितलं. आठवड्याभरातच मी…

१० जून
मुलगा एकटाच आला. "अम्माची ओटी कोण भरलं?" आवाज शांत. त्याचे अप्पा जाऊन खूप वर्षं झाली. काल अक्का प्रत्येक खोलीत त्यांना शोधत होत्या. ओटी भरून सासरी पाठवलं, मग नवरा कुठाय? शेवटी यालाच सांगावं लागलं. पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडल्या म्हणे.
मी काय बोलले आठवत नाही.

११ जून
गीता मॅडम ओरडल्या नाहीत. "रोना किससे बर्दाश्त नहीं हुआ? उनसे या तुमसे?"
राग आला. अजून आहे. त्या बरोबर आहेत म्हणून जास्त.
मानसशास्त्राचा कॉलेजप्रवेश शुक्रवारपर्यंत नक्की करायचाय. या कामाला मी लायक तरी…

१३ जून, शुक्र.
अक्का आल्या. मला ओळखलं नाही. संध्याकाळी परत दार धरलं, पदर पसरला. "भरतेस नव्हं?"
तांदळाचा डबा इथून दिसतो. उठले, परत बसले. त्यांचा हात धरला. त्या रडल्या, मीही. मुलगा गाडीत थांबलेला.
बाबांचा मेसेज: प्रवेशाचं काय करू? फोन उपडा ठेवला.
अक्कांनी पदर काही आवरला नाही.