चामडं बाहेर

१ मार्च १९९८, रविवार

नातीनं पुण्याहून डायरी धाडली. जाड पुठ्ठा, आत गुलाबी फीत. "आजी, रोज लिहीत जा, मग मला वाचायला दे." एवढी बुकं शिकली पोरगी, आणि आजीला ग म भ न येत नाही तेवढंच विसरली.

तर लिहिणार शेजारच्या कांबळेबाई. शाळेतनं रिटायर झाल्यात, हाताला खाज आहेच. पहिल्याच ओळीला भांडण. मी म्हटलं, "लिहा, मी देवळात गेलो." त्यांनी लिहिलं ‘गेले’. "एस्तेरकाकू, तुम्ही बाई आहात." म्हटलं, "बाई हाय ते मला ठावं हाय की. पर कोल्हापुरात बायका गेलोच म्हणत्यात." ऐकत नाहीत. मी हाय म्हणते, कागदावर आहे पडतं. असू दे. कागद त्यांच्या ताब्यात, तोंड माझ्या.

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. म्हणून ‘म्हा.’ लिहायचं ठरलं. म्हातारा. पाळकसाहेब म्हणजे पा.सा. देऊळ म्हणजे चर्च, आम्ही देऊळच म्हणतो.

आता आजचं. म्हा.नं उचगावातनं लुनावर नेलं, फाटकापाशी उतरवलं आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. उपासना सुटली, परत आणलं. थोरला पोरगा झाला त्या साली त्यानं देवळाचा उंबरा सोडला, तो सोडलाच. पण माझा रविवार एक चुकवला नाही. पाऊस असो, ताप असो. आधी सायकल होती, आता लुना. फाटकापर्यंत.

आणि खरी खबर. नवे पा.सा. म्हणाले, "एस्तेरआजी, ईस्टरच्या पहाटे साक्ष तुम्ही द्यायची. सगळ्या मंडळीपुढं उभं राहून. विषय, विश्वासात टिकून राहणं."

मी. पुढं उभी. बाई, हे जरा ठळक लिहा.

४ मार्च, बुधवार

सकाळपासून साक्षीची तयारी. भाकरी करताना बोलून बघितलं. पहिली भाकरी करपली. दुसऱ्या भाकरीला जरा बरं जमलं.

म्हा. दारात बसून ऐकत होता. म्हणाला, "टिकायचं काय सांगतीस? मीठ जास्त घाल म्हणावं. लोणचं टिकतंय तसं."

मी म्हटलं, "मग तुमी का नासलासा?"

हसला.

बाईंनी आज विचारलंच. "ते आत का येत नाहीत? देवावर राग आहे का?" म्हटलं, देवाशी त्याचं झकास आहे. जेवताना माझ्या आधी डोळे मिटतो. राग आहे तो एका वाक्यावर.

म्हा. चपला करायचा. बापजाद्यांचा धंदा. आणि ढोलकी वाजवायचा. देवळात गायनाला पेटी आणि त्याची ढोलकी, लोक नुसतं ऐकायला यायचे. थोरल्याच्या वेळी मी बाळंतीण, घरात शेगडीपाशी. त्या रविवारी हा ढोलकी काखोटीला मारून दुपारच्या आत घरी. सांगितलं ते एवढंच. चालू प्रार्थनेत तेव्हाचे, थोरले पा.सा. म्हणाले, "ते चामडं बाहेर ठेवा." ढोलकी याच्या मांडीवर. हा उठला, चामडं घेतलं, बाहेर आला.

घरी येऊन म्हणाला, "ते म्हणत्यात चामडं भाईर, मग चामड्याचा माणूस कशाला आत?"

बाई लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, हे वाक्य आमच्याकडंही कळतं, काकू. त्यांचे वडील छप्पन साली बौद्ध झाले. त्यांना कळणारच.

८ मार्च, रविवार

नवे पा.सा. उपासनेच्या शेवटी म्हणाले, ईस्टरला नुसती पेटी नको, ढोलकी पाहिजे. कोण वाजवतं? सगळ्या बायांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी पदर नीट केला. माझा काय गुन्हा?

लुनावर त्याच्या पाठीमागं बसून सांगितलं, वाऱ्यात ओरडून. "अवो, ढोलकी पायजे म्हणं देवळात."

"हाय की. भाईर हाय. त्यास्नी भाईर पायजे हुती न्हवं?"

बरोबर आहे. माळ्यावर पोत्यात बांधून ठेवली आहे. दर दिवाळीला काढून पुसतो, परत बांधतो. मला वाटायचं हौस आहे. आता वाटतं, वाट बघतोय. पण कुणाची, ते त्याला विचारायची सोय नाही.

एवढी वर्षं एकच मागणं मागते मी प्रभूकडं. याला आपल्या पायानं आत आण. एकदा दोघांनी एका बाकावर बसून प्रभुभोजन, ती भाकर आणि द्राक्षरस, घेऊ दे. मेल्यावर चौघं उचलून आत नेतीलच, त्यात काय मोठं.

तेच त्याला तोंडावर सांगितलं. म्हणाला, "उचलून न्याला चौघं लागतील. वजन वाढवून ठिवतो."

१९ मार्च, गुरुवार

रंगपंचमीचा रंग अजून अंगणात. कोंबडी एक हिरवी झाली.

खबर. थोरले पा.सा. येणार. रविवारी उपदेश त्यांचा. फार म्हातारे झालेत, लेकीकडं असतात. मला धडकी भरली आणि हसूही यायला लागलं. म्हा.ला सांगू का नको? बाई म्हणतात सांगा. मी म्हणते नको, नाहीतर लुना बिघडेल.

सांगितलं नाही.

२२ मार्च, रविवार

बाई, आज बसून घ्या नीट. पेनात शाई आहे?

थोरले पा.सा. काठी टेकत आले. उपदेश थोडाच केला, आवाज थरथरतो. नंतर मंडळी भेटायला गेली. मी मागनं, बायांना कोपरानं सारत. सलाम केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पहिलंच काय विचारावं?

"तुमचा ढोलकीवाला कुठं आहे? मी गेल्यावर आला का परत?"

मी म्हटलं, "साहेब, तुमीच तर म्हटलासा चामडं भाईर."

त्यांना आठवेना. मी सगळं सांगितलं. तेव्हा कपाळाला हात लावला. म्हणाले, "अहो, ती चप्पल. मी प्रार्थना करतोय, डोळे मिटलेले. कोणीतरी उशिरा आला, करकर करकर करत थेट पुढच्या बाकापर्यंत. सगळी मंडळी हसू दाबतेय. मी म्हटलं ते चामडं बाहेर ठेवा. ढोलकी मला कुठं दिसत होती?"

चप्पल. आमच्या कोल्हापुरी चपलेची करकर. प्रार्थनेत.

धावत सुटले फाटकाकडं. या गुडघ्यांवर धावले, बाई. म्हा. टपरीवर, बशीत चहा ओतलेला. धापा टाकत सांगितलं. चप्पल होती, ढोलकी नव्हती, चप्पल होती.

त्यानं बशी खाली ठेवली. विचारात पडला. मला वाटलं आता रडतो.

म्हणाला, "ती चप्पल आपल्या गल्लीतल्या हौसाबाईच्या दादल्याची. ऐतवारी नवीच घालून आलता. करकर वाजावी म्हणून आतनं इंचवाचं बी घालून मीच शिवल्याली. तसली करकर दुसऱ्या कुणाच्या चपलंला न्हवती."

मग?

"मग काय. चामडं दोन्हीकडनं माझंच की."

घ्या.

मी आडवी झाले नाही एवढंच. तेवढ्यात थोरले पा.सा. रस्ता ओलांडून टपरीवर आले, काठी टेकत, एकटेच. बाकड्यावर म्हा.च्या शेजारी बसले. मी लांब उभी. चहा आला. दोघं बशीतनं फुरके मारत होते. काय बोलले ऐकू आलं नाही, तोंडं हलत होती एवढं दिसलं. एकदा थोरल्या पा.सां.नी वाकून म्हा.च्या पायातली चप्पल बघितली. हातात घेऊन.

लुनावर विचारलं, काय म्हणाले?

"च्या ग्वाड हुता."

२३ मार्च, सोमवार

रात्रभर कूस बदलली. माझी नव्हे, त्याची. मी मजेत झोपले.

बाईंनी आज मला टोचलं. म्हणाल्या, "काकू, एवढा आनंद कशाचा? ते कुठं आत आलेत?" म्हटलं, गैरसमज तर गेला. "गेला, पण अपमान राहिला. चपलेला बोलले तरी कारागिराला लागतंच." मग पेन ठेवून म्हणाल्या, "आणि एक विचारू? टिकून राहण्याची साक्ष तुम्ही देणार. तुम्ही बाकावर टिकलात, ते फाटकापाशी टिकले. जास्त कोण टिकलं?"

बाई शाळेत पोरांना असंच छळत असणार.

साक्षीत सांगायचं सगळं ठरवलं होतं. दुष्काळाचं, कावीळ झालेली त्याचं, धाकटा गेला तरी उपासना सोडली नाही त्याचं. बोलायला गेले तर एकच प्रश्न आडवा आला. त्या सगळ्या रविवारी मला फाटकापर्यंत कुणी नेलं?

५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

आज अख्खं देऊळच बाहेर आलं. झावळ्या हातात घेऊन गात गात रस्त्यानं फेरी. टपरीसमोरून. मी मुद्दाम कडेच्या बाजूनं चालले.

म्हा. उभा राहिला. ग्लास बाकड्यावर. तोंड दुसरीकडं, पण बोटं लुनाच्या सीटवर. ठेका धरलेला. बरोबर समेवर. मी बघितलं तर हात खिशात घातला.

"खाज आल्ती," म्हणाला.

१० एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

तीन तासांची उपासना. तीन तास टपरी. उन्हात. आज टपरीवाल्यानं त्याला टोपी दिली.

घरी आल्यावर माळ्यावर खुडबुड. पोतं खाली. दोऱ्या ताणल्या, कड्या सरकवल्या, मधल्या काळ्या शाईवर बोट मारून कान लावला. विचारलं, काय चाललंय?

"उंदरांनी खाल्ली का बघतोय."

उंदीर एवढा वेळ सुरात खातात व्हय, म्हटलं. हा डोकं वर करीना.

बाई, मला फार आनंद झालाय, पण मोठ्यानं लिहू नका. तो भिंतीपलीकडंच आहे.

११ एप्रिल, शनिवार

म्हा.नं एक पुडकं समोर टाकलं. आत चपला. माझ्या मापाच्या. अंगणात चार पावलं टाकली तर काय करकर. हिरवी कोंबडी पळाली.

"अवो, साक्षीला उभी ऱ्हायची हाय मी. देवळात हे वाजवत जाऊ?"

"जा की. थेट फुडं जा. कुठवर गेलीस ते मला टपरीवर ऐकू याला पायजे."

मी घालणार. पा.सा. काही का म्हणेनात.

साक्ष पाठ झालेली नाही. जी होती तीही गेली. बाई म्हणतात, जे येईल ते बोला. बाईंचं काय जातंय. त्यांना पहाटे चला म्हटलं तर म्हणाल्या, उठले तर येईन.

१२ एप्रिल, ईस्टर

आधी हे लिहा की तुम्ही उठला नाही.

पहाटे अंधारातच निघालो. लुनाच्या पुढं पायापाशी पोतं. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. फाटकापाशी उतरले. वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं नाही.

देवळात मेणबत्त्या. गायन झालं, नुसत्या पेटीवर. माझं नाव घेतलं. उठले. करकर, करकर, करकर. पोरं खुदकायला लागली. मी आणखी जोरात पाय टाकले. पुढं जाऊन उभी राहिले, आणि डोक्यात काही नाही. एवढी माणसं.

म्हटलं, "पा.सा. म्हणाले टिकायचं सांगा. मला काय सांगायचं? मला बसाय बाक हुता. वर छप्पर हुतं. शेजारी बाया हुत्या. एवढं असल्यावर कोण टिकत न्हाय? टिकायचं बघायचं आसंल तर फाटकाभाईर टपरी हाय, तितं बघा. मी आत आलो ते त्याच्या पायावर आलो. त्याच्या चपलंवर बी."

बसले. कुणी आमेन म्हटलं नाही.

पेटी सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला मागनं धिं.

मी ओळखली. बाई, अशी थाप पाच कोसात कुणाची नाही. माना वळल्या, माझीही वळली. म्हा. दारात. उंबऱ्यावर बसलेला. पाय बाहेर पायरीवर, चपला पायातच. ढोलकी मात्र आतल्या बाजूला, फरशीवर. अंग पिळून वाजवत होता. एवढी वर्षं चामडं बाहेर होतं. आता चामडं आत आणि माणूस बाहेर.

असलं वाजवलं म्हणता. पेटीवाल्याची दमछाक. मी गायले की रडले ठाऊक नाही, तोंड उघडं होतं.

प्रभुभोजनाला मंडळी पुढं गेली. तो उठला नाही. मी गेले, एकटी. पा.सां.नी माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं.

उपासना सुटल्यावर म्हटलं, "अवो, तुमी आत आलासा का भाईरच?"

"ढोलकीला इचार."

लुनावर बसले. थोडं पुढं आल्यावर म्हटलं, उंबऱ्यावर बसू नये म्हणत्यात. तो लगेच म्हणाला, "मग फुडल्या ऐतवारी कुठं बसू?"

बाई विचारतायत, तुम्ही काय सांगितलंत? काही नाही. जरा आणखी घट्ट धरून बसले.

घरी आल्यावर कळलं, पोतं रिकामं आहे. ढोलकी पा.सां.नी आत नेऊन ठेवली. माझ्या बाकापाशी, भिंतीला टेकून. म्हा. म्हणतो, राहू दे. पण आता ती घ्यायची तर उंबरा ओलांडून आत यावं लागणार.