गाळाचं पोतं

१९ मार्च

ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे ठीक. सांडपाणी केंद्राच्या प्रयोगशाळेत हल्ली मी एकटाच. तू चिडवायचीस तसा 'घाण पाण्याचा डॉक्टर'. आईचे गुलाब यंदा काढून टाकले.

तिला जाऊन उद्या वर्ष होईल. परवा फोनवर तू पुन्हा तेच म्हणालीस, "मीच हट्टाने त्या दवाखान्यात नेलं, तिथेच जंतू चिकटला तिला." मी नुसतं हं हं केलं. वर्षभर तेच करतोय.

ताई, गुलाबांना घातलेलं खत म्हणजे आमच्या केंद्रातला वाळवलेला गाळ होता. फाटकाबाहेर न्यायची बंदी असताना मी डिकीत लपवून पोतंभर आणला. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "माझ्या लेकाने आणलंय." हातमोजे घालायचा तिला कंटाळा. बोटात काटा मोडला तो तिथेच, जो काढायला तू तिला दवाखान्यात नेलंस.

गाळात साऱ्या गावाची औषधं उतरतात. त्यांना पुरून उरलेले जंतू औषधाला दाद न देणारी आपली जनुकं शेजारच्या जंतूंनाही देऊन टाकतात. पोतं आणल्यावर महिन्याभराने त्याच गाळाची तपासणी मी केली. कुठली चार औषधं चालणार नाहीत, ते माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. घरी मात्र ताकास तूर लागू दिली नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "माती, खत, कशात हात घातला होता का?" मी म्हणालो, "नाही." नोकरी जाईल म्हणून. तीन दिवस त्यांनी त्या चारातलीच दोन औषधं दिली. बाटलीवरची नावं मी वाचत होतो, ताई. चौथ्या दिवशी त्यांचा रिपोर्ट आला, औषध बदललं, पण तोवर उशीर झाला होता.

आईनेही विचारलं होतं, "खतातून तर नसेल ना रे?" मी म्हटलं, "काहीतरीच काय!" ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. ताईजवळ खताचं काढू नकोस, उगाच तुला बोलेल."

जंतू गाळातलाच होता, असं आता कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण ते तीन दिवस माझ्यामुळे गेले. आज सकाळी साहेबांना सगळं लिहून दिलं. नोकरीचं व्हायचं ते होवो.

वर्षभर तू जो राग स्वतःवर काढलास, तो माझ्या वाट्याचा होता. तो मला दे.

तुझा,
आईने पाठीशी घातलेला